अशोक शीतपेटीत मावत नाही

बियाणं जपायचं म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फच येतो. स्वालबार्डच्या डोंगरात 2008 साली उघडलेली बीजतिजोरी, लडाखातली चांग-ला खिंडीजवळची पेढी. छायाचित्रं झकास येतात. पण पेढीत राबणाऱ्या माणसांचं बरंचसं बोलणं ओलाव्याभोवती फिरतं. विजेचं बिल भरलं की थंडी मिळते. बी नीट वाळवणं हीच खरी मेख.

अश्वगंधा घ्या. मुळांसाठी झाड उपटतात, तेव्हाच त्याची लालसर फळं हाती येतात. ती चुरून धुतली की गर निघून जातो आणि बारीक, चपटं, पिवळसर बी उरतं. ते आधी सावलीत पसरायचं, मग 5 ते 20 अंशांच्या कोरड्या खोलीत ठेवायचं. तिथली हवा इतकी कोरडी की आर्द्रता 10 ते 25 टक्केच. बियातला ओलावा 5-6 टक्क्यांवर उतरला की ॲल्युमिनिअमचा थर असलेल्या पाकिटात सीलबंद करून उणे 18 अंशांत.

घाई केली तर? ओल्या बियातलं पाणी गोठतं, त्याचे स्फटिक पेशींची पटलं फाडतात, आणि वरून धडधाकट दिसणारं बी आतून मेलेलं असतं. वाळलेल्या बियात गोठायला मोकळं पाणीच उरत नाही. साखरा आणि प्रथिनं मिळून पेशीतला रस काचेसारखा थिजतो. हॅरिंग्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाचा ठोकताळा आजही वापरात आहे: ओलावा 1 टक्क्याने घटला की बियाचं आयुष्य दुप्पट, तापमान साधारण 5 अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणजे 10 टक्के ओलाव्याचं, 30 अंशांतलं बी 6 टक्के आणि 5 अंशांवर आणलं तर कागदावर 512 पट टिकतं. शून्याखाली आणि फार कोरड्या बियाला हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही, पण वाळवण्यावर एवढा जीव का टाकायचा ते त्यातून कळतं.

पाकीट बाहेर काढतानाही एक पथ्य आहे. ते खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचं नाही. गार बियावर हवेतलं बाष्प लगेच जमतं आणि महिनाभराच्या मेहनतीवर अक्षरशः पाणी पडतं. घरच्या फ्रिजमध्ये तुळशीचं बी जपणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

तुळस, इसबगोल, अश्वगंधा ही गुणी मंडळी. दिल्लीच्या पुसा परिसरातल्या राष्ट्रीय जनुकपेढीत किंवा लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या केंद्रीय संस्थेत अशी बियाणी सुखाने राहतात. गाडं अडतं ते सह्याद्रीतल्या झाडांपाशी. ई. एच. रॉबर्ट्स यांनी 1973 साली बियांचे दोन गट पाडले: वाळवणं सोसणारी आणि न सोसणारी. कोकम, जांभूळ, फणस दुसऱ्या गटात. सीतेचा अशोकही तिथलाच. अशोकारिष्टासाठी त्याची साल इतकी सोलली गेली की जागतिक यादीत तो असुरक्षित ठरला आहे. त्याचं टपोरं बी वाळवलं की मरतं आणि न वाळवता गोठवलं तरी मरतं. ज्याला तिजोरीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती बंद!

लिंबोळीचं मात्र वेगळंच. साध्या गोणीत ती काही आठवड्यांत निकामी होते, म्हणून कितीतरी वर्षं तिला नाजूक गटात टाकत होते. पुढे दिसलं की पिकलेलं फळ वेळीच घेऊन गर काढून बी नीट वाळवलं, तर ते थंडीही सोसतं. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी तर ते उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून परत उगवून दाखवलं. हट्टी बियांच्या बाबतीत आशा आहे ती याच वाटेवर. अख्खं बी बाजूला ठेवून त्यातला इवलासा भ्रूण तेवढा काढायचा, त्यातलं पाणी कमी करायचं आणि त्याला झपाट्याने थिजवायचं. पण दर झाडाची कृती निराळी, आणि ती बसवण्यात वर्षं जातात. तोवर अशोकाला जंगल राखण्यावाचून उपाय नाही. बंगळूरच्या एका संस्थेने वनखात्यांना सोबत घेऊन 1993 पासून दक्षिणेत औषधी वनस्पतींसाठी जंगलाचे तुकडे राखायला घेतले, पुढे महाराष्ट्रातही. स्वालबार्डइतकी त्यांची चर्चा होत नाही.

बी गोठवता आलं तरी ते कोणत्या झाडाचं, हा प्रश्न उरतोच. नरक्या पाहा. कर्करोगावरच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन त्यात असल्याचं 1972 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि नंतर घाटातली झाडं चोरटी तुटू लागली. हे द्रव्य प्रत्येक झाडात सारखं नसतं; एका डोंगरातल्या झाडांत भरपूर, दुसरीकडे जेमतेम. त्यामुळे आंबोलीच्या एका झाडाचं बी पेढीत पडलं म्हणून नरक्या जपला असं म्हणता येत नाही. महाबळेश्वरचा वेगळा, घाटमाथ्यावरचा आणखी कुठला वेगळा. गोळा करणाऱ्याने पाकिटावर जातीच्या नावाखाली जंगलाचं नाव, तारीख आणि किती झाडांखालून बी वेचलं तो आकडा लिहायला हवा. संध्याकाळी पाय दुखत असताना नेमका हाच आकडा लिहायचा राहतो.