चिंचोक्यांचे अरण्य

मुलांस अर्थशास्त्र शिकवावे असे कोणी म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे आकड्यांची कोष्टके उभी राहतात. आणि वनरक्षण शिकवावे असे म्हटले म्हणजे हाती फलक घेऊन निघालेली मुलांची फेरी. शाळेच्या वेळापत्रकात या दोन विषयांची गाठ क्वचितच पडते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीचा करण्यास सांगितले; पुढे २०१७ साली आपल्याकडील नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात अर्थशास्त्राची ओळख आणि व्यापार असे दोन धडे लागोपाठ आले. तथापि व्यापाराच्या धड्यातील लाकूड आणि पर्यावरणाच्या वहीतील झाड ही एकच वस्तू होय, ही गोष्ट मुलास सांगावयाची बहुधा राहूनच जाते. ती घरच्या घरी कशी सांगता येईल, याचा आम्हांस आलेला अनुभव वाचकांपुढे ठेवितो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिघे बंधू मुलानातवंडांसह कोकणातील घरी जमलो होतो. घरामागे आमचा सामाईक वरकस डोंगर आहे. त्यावर ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडी आहे. त्या सबंध झाडीवर एका लाकूडव्यापाऱ्याने एकरकमी बोली केली होती. थोरल्या बंधूंच्या नातीच्या वैद्यकीय शिक्षणाचे पैसे भरावयाचे होते, आणि घराचा वासाही बदलावयास झाला होता. पैशाची निकड खोटी नव्हती. वडीलधाऱ्यांची चर्चा ओटीवर चाले, आणि मुले माजघरात चिंचोके खेळत. एके दुपारी मी त्या चौघांस जवळ बोलावले आणि एका परातीत चाळीस चिंचोके मोजून ठेविले.

खेळाचे नियम सोपे होते. परात म्हणजे डोंगर. प्रत्येक फेरीस प्रत्येकाने आपणांस किती चिंचोके हवेत तो आकडा गुपचूप कागदावर लिहावयाचा. सर्वांनी घेऊन जे उरतील त्यांत मी तितकेच आणखी घालणार, म्हणजे उरलेले दुप्पट होणार. मात्र परातीत चाळिसांहून अधिक कधीही असावयाचे नाहीत. कारण डोंगराची जागा तेवढीच.

पहिल्या फेरीस कागद उघडले तो आकडे निघाले बारा, दहा, दहा आणि आठ. परात रिकामी झाली. सर्वांत धाकटी, आठ वर्षांची पोर म्हणाली, "आजोबा, आता दुप्पट घाला ना!" मी म्हटले, "बाळ, शून्याची दुप्पट किती?" ती गप्प झाली. ज्याचे बारा होते त्यासही आपण जिंकलो असे वाटेना.

दुसऱ्या डावास मी त्यांस आपसांत बोलण्याची मुभा दिली. नववीतल्या नातवाने बोटांवर हिशेब केला: वीस काढले तर वीस उरतात, ते दुप्पट होऊन पुन्हा चाळीस. तेव्हा प्रत्येकाने दर फेरीस पाचच घ्यावे. दहा फेऱ्या झाल्या. प्रत्येकाजवळ पन्नास चिंचोके जमले आणि परात भरलेली ती भरलेलीच राहिली. मुद्दल कोणते आणि व्याज कोणते, हे समजावण्यासाठी मला निराळे व्याख्यान द्यावे लागले नाही.

हाच हिशेब युरोपात तीनशे वर्षांपूर्वी एका खाणअधिकाऱ्यास करावा लागला होता. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात चांदीचे खनिज वितळविण्यास अपरंपार लाकूड लागे आणि भोवतालची अरण्ये ओस पडत चालली होती. तेथील हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ साली वनशेतीवर ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, जितके पुन्हा वाढेल तितकेच तोडावे. आज ज्याला 'शाश्वत विकास' म्हणतात त्या कल्पनेचे एक मूळ या ग्रंथात आहे. त्याला अरण्याची काळजी वाटली ती धंदा चालावा म्हणून. हे मुलांस अवश्य सांगावे. वनरक्षण आणि व्यापार ही जन्मजात वैरी नव्हेत.

परंतु खरा धडा तिसऱ्या डावाने शिकविला. या वेळी मी व्यापारी झालो. दहा चिंचोक्यांस शेंगदाण्याचा एक लाडू हा भाव मी बोललो, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर भाव दुप्पट केला. लगेच कुजबूज सुरू झाली. पाचांऐवजी सहा घेतले तर काय बिघडते, असे ठरले. चोवीस गेले, सोळा उरले, त्यांचे बत्तीस झाले. पुन्हा चोवीस गेले, आठ उरले, त्यांचे सोळा झाले. तिसऱ्या फेरीस प्रत्येकाच्या वाट्यास चारच आले आणि परात संपली. पाच घेतले असते तर डाव दहा फेऱ्या आणि त्यापुढेही चालता. एका चिंचोक्याच्या अधिक लोभाने तो तीन फेऱ्यांत आटोपला. भाव वाढला म्हणून डोंगर वाढत नाही, हे वाक्य माझे नव्हे; नववीतल्या त्या नातवाचे आहे.

जे सर्वांचे ते अखेर कोणाचेच राहत नाही आणि नष्ट होते, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ साली मांडला. त्यावर खासगी मालकी किंवा सरकारी अंमल हेच दोन उपाय असे पुष्कळांस वाटू लागले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने मात्र स्वित्झर्लंडमधील डोंगरी गावांची कुरणे, जपानातील गावराने, स्पेनमधील पाटबंधारे यांचा अभ्यास करून १९९० साली दाखवून दिले की, वापरणारांनी नियम स्वतः केले, देखरेख स्वतः ठेविली आणि चुकणारास आरंभी लहानसाच दंड केला, तर सामाईक ठेवा शतकानुशतके टिकतो. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. आमच्या मुलांनीही चौथ्या डावास आकडे उघड बोलावयाचे आणि अधिक घेईल त्याने पुढल्या फेरीस तितके कमी घ्यावयाचे, असे आपणच ठरविले. डाव मोडला नाही.

याचे प्रत्यक्ष उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसंमतीने निर्णय घेते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू हे वस्तुतः गवत. पण १९२७ च्या वन कायद्यात त्याची गणना झाडांत केलेली. नव्या कायद्याने तो गौण वनोपजांत आला, तरी विक्रीचा माल गावाबाहेर न्यावयाचा तर वाहतूक परवाना कोणी द्यावयाचा हा वाद राहिलाच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. हक्क, विक्री आणि राखण या तीन गोष्टी एकाच हाती आल्या म्हणजे काय होते, हे दाखविणारा याहून सुबोध पाठ मुलांस कोठे मिळणार?

आणि आपल्या पूर्वजांस हे ठाऊक नव्हते असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. सागवान वगैरे अरण्यातून परवानगीने तोडावे, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबे-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. जीर्ण झालेले झाड हवेच असेल तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊनच घ्यावे, असा त्याचा आशय आहे. यात व्यापार आहे, मालकीहक्क आहे, आणि झाडाच्या वयाचा हिशेबही आहे.

गृहिणींनी या कामी पुष्कळ करण्यासारखे आहे. हिरडा, शिकेकाई, मध, केरसुणी, पळसाची पत्रावळ या घरात येणाऱ्या वस्तूंपैकी एक घेऊन मुलांस विचारावे: ही कोणी गोळा केली? तिला काय मिळाले असेल? मधल्या हातांनी किती घेतले, आणि कोणत्या श्रमाबद्दल? पुढल्या वर्षी हे पुन्हा मिळावे म्हणून झाडावर काय ठेविले पाहिजे? उत्तर चुकले तरी चालेल. प्रश्न विचारण्याची सवय लागली म्हणजे झाले.

आता आमच्या डोंगराविषयी. चौथा डाव आटोपल्यावर धाकटी नात ओटीवर आली आणि थोरल्या बंधूंस म्हणाली, "मोठे आजोबा, आपल्या परातीत किती आहेत?" आम्ही तिघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कवळ तोडावयास माणसे धाडणारे आणि वर्षानुवर्षे सारा भरणारे आम्ही; पण झाडे कोणी मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलांस घेऊन डोंगर चढलो, आणि चुन्याची बोटे ओढीत पाच दिवस मोजणी केली. त्यानंतर डोंगराचे दहा पट्टे कल्पून दर वर्षी एकच पट्टा तोडावा, आणि त्यांतलीही बुंधे धरलेली जुनी झाडे व ओढ्याकाठची झाडी राखावी, असे ठरले. व्यापाऱ्यास ते रुचले नाही. थोड्या मालासाठी गाडी आणणे परवडत नाही म्हणून त्याने भाव उतरविला. त्याचे म्हणणेही खोटे नव्हते.

नातीच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढावे लागले. त्याचे हप्ते आम्ही तिन्ही घरे मिळून भरीत आहो, आणि थोरल्या वहिनी दर महिन्यास त्याची आठवण करून देतात. हा निर्णय सर्वस्वी शहाणपणाचा होता असे मी म्हणणार नाही. घराचा वासा अजून तसाच आहे. परंतु डोंगराच्या हिशेबाची एक वही आता घरात आहे, आणि ती नववीतल्या त्या मुलाच्या हाती आहे. यंदा पहिल्या पट्ट्यातील खोडांना किती धुमारे फुटले, हे त्याने त्या वहीत मांडून ठेविले आहे.