सीमेवरील विग्रह : स्वतंत्र बँडचे परदेशदौरे आणि कायद्याची परिभाषा

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात 'बँड' म्हणजे स्वतःच रचलेली गाणी सादर करणारा चार-पाच गायक-वादकांचा कायमचा संच होय. मराठीत या शब्दाला चिकटलेला वरातीचा अर्थ येथे अभिप्रेत नाही. अशा संचाच्या पाठीशी मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचे भांडवल, वकील आणि व्यवस्थापक नसले म्हणजे त्यास 'स्वतंत्र' म्हणतात. ध्वनिमुद्रित गाणी इंटरनेटवर अत्यल्प मोबदल्यात ऐकली जाऊ लागल्यापासून अशा बँडला गावोगाव दौरे करण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. कॅनडातील बँडची गोष्ट घ्यावी. व्हँकूव्हरहून कॅल्गरी सुमारे ९७० किलोमीटर दूर. अमेरिकेतील सिअ‍ॅटल मात्र सुमारे २३० किलोमीटरवर आहे. श्रोत्यांची भाषा एक, संगीताची अभिरुची एक. मध्ये फक्त सीमा आहे. परंतु सीमेवर जे घडते ते केवळ खर्चाच्या हिशेबाने उलगडत नाही. ते पुष्कळ अंशी शब्दार्थाचे प्रकरण आहे.

व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर बँड हा एक समास आहे. त्याचा अर्थ घटकपदांच्या बेरजेत सापडत नाही. तो एकत्र उच्चारानेच सिद्ध होतो. मराठीत तमाशाचा 'फड' म्हटला की नर्तकी, सोंगाड्या, ढोलकीवाला, कनाती आणि त्या वाहून नेणारी गाडी हे सारे एका शब्दात येते. सीमेवरील कायद्यापाशी असा शब्द नाही. तो या समासाचा विग्रह करतो: माणसे एका खात्याकडे, वाद्ये व विक्रीचा माल दुसऱ्याकडे, उत्पन्न तिसऱ्याकडे. प्रत्येक खात्याची परिभाषा निराळी असते आणि प्रत्येक ठिकाणी बँडला नव्याने आपली व्याख्या सिद्ध करावी लागते.

प्रथम माणसांचा विचार करू. अमेरिकेच्या कायद्यात कलावंत-संचांसाठी 'पी' नावाचा वर्ग असून त्याचे पोटभेद आहेत. पहिल्यात संच 'आंतरराष्ट्रीय मान्यता' पावलेला असावा लागतो. शिवाय त्यातील किमान ७५ टक्के सभासदांचा त्या संचाशी निदान एक वर्षाचा संबंध असावा लागतो. चौघांच्या बँडमध्ये एक नवा वादक असेल तर ही अट पाळली जाते. दोन नवे असतील तर मोडते. स्वतंत्र बँडमध्ये नोकरी, संसार वा भांडण या कारणांनी वादक वरचेवर बदलतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या टक्केवारीचे मर्म सांगावयास नको. दुसरा पोटभेद परस्पर-विनिमयाचा आहे. कॅनडातील बहुतेक लहान बँड तेथील संगीतकार-संघटनेचे सभासद होऊन हाच मार्ग पत्करतात. यात कीर्तीचा पुरावा लागत नाही. परंतु कार्यक्रमांची तारीखवार यादी आणि करार अर्जासोबतच जोडावे लागतात. येथे एक चक्र सुरू होते. परवानगी निश्चित नसलेल्या बँडला नाट्यगृहाचा चालक तारीख देण्यास कचरतो, आणि तारखा नसल्या तर परवानगीचा अर्जच करता येत नाही. ध्वनियोजक बरोबर न्यावयाचा झाल्यास तो 'साहाय्यक' ठरतो, आणि त्याच्यासाठी अर्जही वेगळा, शुल्कही वेगळे.

हे शुल्क ३१ मार्च २०२४ पर्यंत प्रत्येक अर्जास ४६० डॉलर होते. १ एप्रिल २०२४ पासून ते १,०१५ डॉलर झाले. लहान नियोक्त्यांसाठी व धर्मादाय संस्थांसाठी ५१० ठरले. एका अर्जात पंचवीस नावांपर्यंत मुभा असल्याने एकटी गायिका आणि पंचवीस जणांचा वाद्यवृंद यांना शुल्क सारखेच पडते. कर म्हणून पाहिले तर ही रचना उत्पन्नाशी सर्वस्वी विसंगत आहे. मोठ्या संचाला हे शुल्क जाणवतही नाही, तर शंभर माणसांच्या दिवाणखान्यात गाणाऱ्याचा सारा नफा त्यातच जातो.

तिसरा पोटभेद अर्थविज्ञानाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे. तो 'सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य' कलेसाठी आहे. जी शैली एखाद्या विशिष्ट देशाची, राष्ट्राची, समाजाची, वर्गाची, वंशाची, धर्माची, जमातीची अथवा 'अन्य व्यक्तिसमूहाची' अनन्य शैली असेल, ती या व्याख्येत बसते. लॉस एंजेलिसमधील स्कर्बॉल सांस्कृतिक केंद्राने अर्जेंटिनातील एका संचासाठी या वर्गात अर्ज केला. हा संच पूर्व युरोपीय ज्यूंच्या क्लेझ्मर संगीताचा लॅटिन अमेरिकी संगीताशी मिलाफ करीत असे. अर्ज फेटाळला गेला. संगीत संमिश्र आहे. म्हणून ते कोणत्याही एका संस्कृतीचे अनन्य असू शकत नाही, असा तर्क होता. या तर्कात 'अनन्य' याचा अर्थ नकळत 'शुद्ध' असा घेतला गेला आहे. अर्जेंटिनात स्थायिक झालेल्या ज्यूंचे संगीत मिश्र असणे हीच त्यांची अनन्यता, ही गोष्ट त्यातून निसटली. मे २०१२ मध्ये अपील कार्यालयाने हा निर्णय फिरविला आणि पुढील प्रकरणांना बंधनकारक असा दंडक घातला की, सांस्कृतिक अनन्यता पारंपरिक कलांपुरती मर्यादित नसून दोन वा अधिक संस्कृतींच्या संकरातूनही ती सिद्ध होऊ शकते. या निकालास आधार मिळाला तो व्याख्येच्या शेपटीला असलेल्या 'अन्य व्यक्तिसमूह' या दोन शब्दांचा. यादीच्या अखेरीस सहज जोडलेले पद साऱ्या यादीचा अर्थ पालटू शकते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

'काम' या साध्या शब्दाचीही तीच कथा. मार्च २०१७ मध्ये 'सोव्हिएट सोव्हिएट' हा इटलीतील त्रिकुट बँड ऑस्टिन येथील 'साउथ बाय साउथवेस्ट' महोत्सवासाठी व आणखी काही कार्यक्रमांसाठी व्हिसामुक्त प्रवासाच्या सवलतीवर सिअ‍ॅटलला उतरला. आपला दौरा विनामोबदला, केवळ प्रसिद्धीसाठी आहे, असे त्यांचे म्हणणे. काही ठिकाणी प्रेक्षकांकडून प्रवेशशुल्क घेतले जाणार होते. तेव्हा हे कामच, असा अधिकाऱ्यांचा निष्कर्ष. तिघांना रात्र कोठडीत काढावी लागली आणि त्यांची परत पाठवणी झाली. बँडच्या दृष्टीने मोबदला कोणाच्या हाती पडतो यावर 'काम' ठरते. सीमेच्या दृष्टीने तिकीट विकले जाते की नाही यावर. दोन्ही अर्थ भाषेत प्रचलित आहेत, परंतु निर्णयाचा अधिकार एकाच पक्षाकडे असतो.

कॅनडाचे वर्तनही याबाबतीत निर्दोष नव्हते. तेथे परदेशी बँड संगीतगृहात गायिला तर एक नियम, आणि मद्यगृहात वा उपाहारगृहात गायिला तर दुसरा. २०१३ मध्ये या दुसऱ्या गटातील चालकांवर प्रत्येक परदेशी कलावंतामागे २७५ डॉलरचे शुल्क बसले. नवखे बँड मद्यगृहांतच गातात. सबब बोजा नेमका त्यांच्यावर आला. बराच गदारोळ झाल्यावर २०१४ मध्ये अल्पमुदतीच्या कार्यक्रमांपुरता हा भेद शिथिल करण्यात आला.

मालाविषयी थोडक्यात सांगता येईल. गिटार परत जाणार असल्याने ती तात्पुरती आयात. ध्वनिमुद्रिका आणि छापील टी-शर्ट विकले जाणार असल्याने तो व्यापार. होंडुरासमध्ये शिवलेला टी-शर्ट टोरांटोत छापला म्हणून कॅनेडियन होत नाही आणि खुल्या व्यापाराची सवलत त्याला लाभत नाही. गिटारीचे लाकूड ब्राझिलियन रोझवुडचे असेल तर १९९२ पासून त्यास दुर्मीळ वनस्पतींच्या करारानुसार दाखला लागतो. उत्पन्नाचे गणित अधिक क्लेशदायक. अमेरिकेत परदेशी कलावंताच्या ढोबळ बिदागीतून ३० टक्के कापून घेण्याचा नियम आहे. पेट्रोल, निवास आणि वर सांगितलेली शुल्के त्यापूर्वी वजा होत नाहीत. कॅनडाशी झालेल्या करारानुसार वर्षाला १५,००० डॉलरपर्यंतची प्राप्ती करमुक्त आहे खरी. पण वर्षअखेर बेरीज किती होईल हे कार्यक्रमाच्या रात्री चालकास कसे कळावे? तो कापून मोकळा होतो, आणि बँड पुढील वर्षी परताव्याचा अर्ज लिहीत बसतो.

हेच चित्र १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्या दरम्यान नव्याने निर्माण झाले. त्यापूर्वी लिव्हरपूलचा बँड व्हॅनमध्ये बसून कोलोनला जाई तो सीमेचा विचारही न करता. नव्या करारात व्हिसा वा परवान्यावाचून अल्पकाळ येऊन कोणकोणते व्यवसाय करता येतील याची एक यादी आहे. बाजारपेठेची पाहणी करणारे, सहलींचे मार्गदर्शक, इतकेच काय, अनुवादक आणि दुभाषेही तीत आहेत. गायक-वादक नाहीत. परिणामी सत्तावीस राष्ट्रांपैकी प्रत्येकाचा नियम वेगळा वाचावा लागतो. फ्रान्समध्ये नव्वद दिवसांपर्यंतच्या कार्यक्रमांना कामाचा परवाना लागत नाही. स्पेनने ही वाट नोव्हेंबर २०२१ मध्ये मोकळी केली, आणि तीही दोन्ही देशांतील संगीत-संघटनांनी पाठपुरावा केल्यानंतर.