वाचाघाताची ओपीडी

साडेआठला यवतमाळच्या बसस्थानकावर घाटंजी, पांढरकवडा, झरीकडच्या एसट्या लागतात आणि त्यांतूनच माझे बरेचसे रुग्ण उतरतात. उजवा हात लुळा, बोलणं गेलेलं, सोबत मजुरी बुडवून आलेला मुलगा नाहीतर सून. म्हणून पहिला नंबर लांबून आलेल्याचा.

नऊ ते दहा नातेवाइकांचा तास. प्रश्न ठरलेला : "मॅडम, बाबा येडे झाले का?" नाही. लकव्यात मेंदूच्या डाव्या बाजूचं रक्त अडलं, तिथला भाषेचा भाग दुखावला. याला वाचाघात म्हणतात. पॅरिसला १८६१ साली डॉ. ब्रोका यांना असाच एक रुग्ण भेटला होता. तो बहुतेक वेळा 'तां' एवढंच म्हणे, पण समोरच्याचं त्याला बरंच कळत असे.

दहाला चाचणी सुरू. बॉस्टनच्या ६० चित्रांच्या प्रसिद्ध चाचणीत इग्लू आहे, बीव्हर आहे. दारव्ह्याच्या शेतकऱ्याला इग्लू ओळखता आला नाही, तर त्यात मेंदूचा काय दोष? आमच्या गठ्ठ्यात वखर, डवरा, तिफण असतात. आज एका काकांपुढे डवऱ्याचं चित्र ठेवलं. डाव्या हातानं त्यांनी ओळीतलं तण काढून दाखवलं, पण तोंडातून आलं "वखर". लगेच मान हलवली. चुकलं ते त्यांना कळत होतं. मी "ड…" एवढंच म्हटलं आणि "डवरा!" बाहेर पडलं. म्हणजे अर्थ जागेवर, शब्दाचा आवाज तेवढा हाताशी येत नव्हता.

मग वाक्यं. "शेतकऱ्यानं वखर धरला" याचं चित्र त्यांनी झटकन दाखवलं, कारण वखर काही शेतकऱ्याला धरत नाही. "म्हशीनं बैलाले ढकललं" हेही जमलं. शब्द फिरवून "बैलाले म्हशीनं ढकललं" म्हटलं, तर बोट बैल ढकलतोय त्या चित्रावर. 'ले' आणि 'नं' यांचा हिशेब मेंदू सोडून देतो आणि पहिला आला तोच करणारा धरतो. असं एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा होतं का, हे आम्ही नोंदवतो. संशोधन म्हणतात ते हेच.

बारानंतर रेकॉर्डिंग ऐकून उतरवून घेणं. कंटाळवाणं, पण खरं काम इथंच. रुग्ण "मले" म्हणाला, तर ती चूक नाही, वऱ्हाडी आहे. पुस्तकी मराठीच्या तक्त्यावर गुण दिले, तर अर्ध्या जिल्ह्याला वाचाघात ठरेल! कोलामांच्या घरची भाषा कोलामी, द्राविडी कुळातली. तांड्यावरची गोरमाटी निराळी. अशा घरी मी आधी विचारते, आजी नातवंडांशी कशात बोलायची, बाजारात कशात? सून दुभाषी होते. हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६०८ लकवाग्रस्तांचा अभ्यास २०१६ साली आला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत सुमारे ४० टक्के लोकांची विचारशक्ती शाबूत राहिली, एकभाषकांत सुमारे २० टक्के. वाचाघाताचं प्रमाण मात्र दोघांत सारखंच. ज्यांच्या घरात तीन भाषा नांदतात, त्यांच्यावर असा अभ्यास यवतमाळला व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

दोनला डबा, तोही घाईत.

तीनला गाणं. बायकोचं नाव न येणारा माणूस तुकडोजी महाराजांचं भजन सुरू झालं की शब्दांसकट म्हणतो. घरच्यांना वाटतं, वाचा परत आली. तसं नसतं, पाठ झालेलं निराळ्या वाटेनं येतं. त्याच चालीवर "पाणी दे" बसवायचं आणि चाल हळूहळू काढून घ्यायची.

साडेचारला गृहपाठ देते : एका वेळी एकच जण बोला, उत्तराला वेळ द्या, ओरडू नका, ते बहिरे नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कायमचा वाचाघातही धरला आहे, तेव्हा दाखल्यासाठी अर्ज करा. आणि कुणाचं बोलणं एकाएकी अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर भगताकडे नेऊ नका. १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि झरीहून यवतमाळ लांब आहे.