धडकेआधीचे पाच सेकंद

गिअरच्या दांड्यापुढे, मधल्या कन्सोलच्या प्लॅस्टिकखाली, गाडीच्या पत्र्याला बोल्टांनी घट्ट आवळलेली तळहाताएवढी एक डबी असते. तिच्यावर बाण छापलेला असतो आणि त्याचं टोक कुठल्या दिशेला हवं हे ठरलेलं असतं. तिच्यात शिरणाऱ्या वायरींचे कनेक्टर पिवळे असतात. त्या वायरी एअरबॅग फुगवणाऱ्या दारूपर्यंत जातात, तेव्हा मेकॅनिकने त्यांना उगाच हात लावू नये, एवढाच त्या रंगाचा अर्थ. गाडीला बसणारा हिसका मोजणारा सेन्सर या डबीच्या पोटात असतो. डबी जराशी जरी सैल बसली, तरी तो भलताच आकडा देईल, म्हणून ती इतकी पक्की आवळतात.

एअरबॅग उघडायची की नाही, हा निर्णय ही डबी घेते आणि त्यासाठी तिला मिळतात जेमतेम वीस-तीस मिलिसेकंद. बॅटरी चेपून वीज गेली तरी काम अडू नये, म्हणून आत कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठवलेली असते. एअरबॅग उघडून उरलेल्या त्याच विजेवर ती आणखी एक काम उरकते. गेले काही सेकंद गाडी काय करत होती, हे आपल्या स्मृतीत लिहून ठेवते. ही नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला इव्हेंट डेटा रेकॉर्डर म्हणतात. लोक तिला गाडीचा ब्लॅक बॉक्स म्हणतात, पण विमानातल्या पेटीसारखं तासन् तासांचं रेकॉर्डिंग किंवा आवाज तिच्यात नसतो. असतात ते फक्त आकडे, एक-दोन कागदांवर मावतील एवढे.

हे आकडे कोणते, हे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००६ साली नियम करून ठरवलं. किमान पंधरा बाबी. धडकेआधीच्या पाच सेकंदांत दर अर्ध्या सेकंदाला गाडीचा वेग, ॲक्सिलरेटर किती दाबलेला, ब्रेकवर पाय आहे की नाही. धडकेनंतर दर दहा मिलिसेकंदांना वेग कितीने घटला. चालकाचा पट्टा लावलेला होता का, एअरबॅग कितव्या क्षणी उघडली. एअरबॅग उघडली असेल तर ही नोंद कुलूपबंद होते, पुन्हा पुसली जात नाही. किरकोळ धक्क्याची नोंद मात्र पुढच्या धक्क्याने पुसली जाऊ शकते.

हे सगळं पोलिसांसाठी जन्माला आलेलं नाही. जनरल मोटर्सने १९७० च्या दशकातच एअरबॅगच्या गाड्यांत धडकेची नोंद ठेवायला सुरुवात केली, ती आपली एअरबॅग वेळेवर उघडली का, हे इंजिनिअरांना कळावं म्हणून. नोंद वाचता येत होती ती फक्त कंपनीला. २००० साली कॅलिफोर्नियातल्या व्हेट्रॉनिक्स या कंपनीने एक पेटी, काही केबली आणि सॉफ्टवेअर असा संच बाजारात आणला आणि ही नोंद पहिल्यांदा बाहेरच्या माणसाच्या हाती आली. पुढे ती कंपनी बॉशने घेतली. आजही जगभरचे अपघात-तपासनीस बहुतांशी बॉशचाच संच वापरतात.

या नोंदीचा वचक केवढा, हे मॅसॅच्युसेट्स राज्याचे उपराज्यपाल टिम मरे यांच्या प्रकरणात दिसलं. नोव्हेंबर २०११ मध्ये पहाटे त्यांची सरकारी गाडी रस्ता सोडून उलटली आणि ते थोडक्यात बचावले. वेगमर्यादेतच होतो आणि पट्टाही लावला होता, असं त्यांनी सांगितलं. डबी उघडली तेव्हा वेग निघाला ताशी १०८ मैल, म्हणजे जवळपास १७४ किलोमीटर, आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यांना झोप लागली असावी, असा पोलिसांचा निष्कर्ष होता. झोपलेल्या माणसाचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबत जातो, हे त्याचं त्याला कळणार तरी कसं? मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते एवढ्यासाठी, की साक्षीदार खोटं न बोलताही चुकीचं सांगू शकतो.

आपल्याकडे ही डबी घरोघरी माहीत झाली ती ४ सप्टेंबर २०२२ च्या अपघाताने. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक मर्सिडीज आदळली. मागच्या सीटवरचे उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी, दोघेही गेले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. चारोटी नाक्यावरच्या कॅमेऱ्यातली वेळ धरून पोलिसांनी हिशेब मांडला, की तिथून पुलापर्यंतचे वीस किलोमीटर गाडीने नऊ मिनिटांत कापले. सरासरी निघते ताशी १३३ किलोमीटर. पुढे कंपनीने गाडीतली नोंद वाचून पोलिसांना अहवाल दिला. पाच सेकंद आधी वेग १००, आदळताना ८९.

वरवर पाहता हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडतात. पण कॅमेऱ्याने सांगितली ती नऊ मिनिटांची सरासरी, आणि डबीने सांगितले ते शेवटचे पाच सेकंद. ताशी १०० च्या वेगाने पाच सेकंदांत गाडी साधारण १४० मीटर जाते. त्या १४० मीटरच्या आधी काय घडलं, याबद्दल या नोंदीकडे एक अक्षरही नाही. आता उरलेला फरक पाहा. शंभरवरून एकोणनव्वद, म्हणजे अकरा किलोमीटर. कोरड्या डांबरावर ब्रेक करकचून दाबला, तर चांगली मोटार दर सेकंदाला पंचवीसएक किलोमीटरने मंदावते. मग अकरा किलोमीटर कमी व्हायला अर्धा सेकंद पुरे. म्हणजे एकतर ब्रेक हलका दाबला गेला, नाहीतर जोरात पण अगदी थोडा वेळ. नुसत्या दोन टोकांच्या आकड्यांवरून यातलं काय घडलं हे ठरत नाही. त्यासाठी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या मधल्या ओळी वाचाव्या लागतात आणि त्या रस्त्यावरच्या खुणांशी, पुलापाशी अरुंद होणाऱ्या लेनशी ताडून पाहाव्या लागतात. तपासनिसाचं खरं कसब इथे लागतं. वेगाचा आकडा चाकांच्या फिरण्यावरून येतो. चाक जाम होऊन घसरलं तर आकडा कमी दिसतो, हवेत गरगरलं तर जास्त. कंपनीने बसवलेल्यापेक्षा मोठे टायर कोणी घातले असतील, तर साराच हिशेब सरकतो.

आणखी एक गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. बहुतेक डब्यांना घड्याळ नसतं. तारीख-वेळ नोंदलेली नसते. त्याऐवजी असतो इग्निशनचा आकडा, म्हणजे जन्मल्यापासून गाडीची किल्ली कितव्यांदा फिरवली तो. धडकेच्या वेळचा आकडा नोंदीत असतो आणि नोंद काढतानाचा आकडा वेगळा मिळतो. समजा धडक ४,२१७ व्या फेरीत झाली आणि वाचताना आकडा ४,२१८ निघाला, तर मधे कोणी हात लावलेला नाही. ४,२३० निघाला, तर गाडी मधल्या काळात कोणीतरी अकरा-बारा वेळा चालू करून पाहिली. कोणी आणि का, हे मग विचारावं लागतं.

आपल्याकडे नेमकं हेच होतं. अपघातातली गाडी टोचन करून पोलीस ठाण्याच्या आवारात आणून टाकतात, आरटीओचे निरीक्षक ब्रेक तपासायला येतात, कोणीतरी किल्ली फिरवून बघतो. पाऊस पडतो, फुटलेल्या काचेतून पाणी कन्सोलमध्ये उतरतं. पंचनाम्यात गाडीचा रंग, नंबर, कुठे किती चेपली हे सगळं येतं. कन्सोलखालच्या डबीचा उल्लेख त्यात पहिल्याच दिवशी यायला हवा. बॅटरी तोडली का, किल्ली कोणाच्या ताब्यात दिली, आकडा किती होता, हेही तिथेच लिहायला हवं. नोंद काढण्याची रीत अवघड नाही, पण शिस्तीची आहे. वीज शाबूत असेल तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधून वाचायचं. नसेल तर डबी काढून टेबलावर थेट केबल जोडायची, आणि वीज दिल्यावर तिला हलवायचं नाही, तिरकं करायचं नाही. उलटण्याचा सेन्सर असलेल्या डबीला टेबलावर तिरकी झाली तरी गाडी उलटतेय असं वाटू शकतं, आणि ती नवीनच नोंद लिहून बसते. हेही जमलं नाही, तर डबीतल्या सर्किट बोर्डावरची स्मृतीची चिप उकलून वेगळी वाचायची. तो शेवटचा उपाय.

न्यायालयात हे कागद टिकण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचा वाद मराठी वाचकाला परका नाही. जालना विधानसभेच्या निवडणुकीतून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात २०२० साली न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतचं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने त्या प्रमाणपत्राचे दोन भाग केले. एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश द्यावा लागतो. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी पूर्णपणे बदलणारा हा आकडा. त्यामुळे वाचलेली फाइल आणि न्यायालयात आलेली फाइल एकच आहे, हे पटवता येतं.

डॅशबोर्डवरच्या स्क्रीनची गोष्ट निराळी आहे. तिला घड्याळही असतं आणि नकाशाही. कोणता फोन ब्लूटूथने जोडला, गाडी कुठून कुठे गेली, दार कधी उघडलं, गिअर कधी टाकला, हे पुष्कळ गाड्यांची यंत्रणा लिहून ठेवते. या नोंदी वाचण्याचं साधन मेरीलँडमधली बर्ला ही कंपनी बनवते. मिशिगनमधल्या एका खुनाच्या तपासात मृताच्या चोरलेल्या पिकअपमधून संशयिताचा आवाजच मिळाला. गाणं लावायला त्याने गाडीला तोंडी हुकूम दिला होता. गुन्ह्याच्या तपासाला ही खाण आहे. पण भाड्याच्या गाडीला फोन जोडणाऱ्या प्रत्येकाचे नंबरही याच खाणीत राहतात. जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला, की एअरबॅगच्या डबीतली नोंदसुद्धा पोलिसांनी वॉरंटशिवाय काढणं बेकायदा आहे. मला तो निकाल योग्य वाटतो. चार-दोन तासांत मिळणाऱ्या वॉरंटने तपास अडत नाही, आणि कागदावर कारण लिहावं लागलं की पोलीसही नेमकं काय शोधायचं आहे, ते ठरवून येतात.

आता मुद्द्याचं. अमेरिकेच्या त्याच नियमात एक कलम आहे. गाडी बनवणाऱ्याने नोंद वाचण्याचं साधन बाजारात उपलब्ध करून दिलंच पाहिजे. युरोपने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हा रेकॉर्डर सक्तीचा केला. पण मिस्त्रींच्या अपघातात पोलिसांना कंपनीच्या अहवालावर विसंबावं लागलं. त्या अहवालात काही खोट होती असं मला म्हणायचं नाही. मात्र गाडीचे ब्रेक, एअरबॅग, सॉफ्टवेअर यांवरच प्रश्न उभा राहील, त्या दिवशी उत्तर वाचून दाखवणारा आणि ज्याला उत्तर द्यायचं आहे तो एकच असेल, आणि हे मला पटत नाही. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत प्रत्येक मॉडेलची केबल असली पाहिजे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि ती खास आपल्या रस्त्यांची आहे. नोंद लिहायला सुरुवात व्हायची तर गाडीच्या वेगात १५० मिलिसेकंदांत किमान ताशी ८ किलोमीटरचा फरक पडावा लागतो. दीड टनाची मोटार ताशी ६० ने येऊन पंच्याहत्तर किलोच्या पादचाऱ्याला धडकली, तर तिचा वेग जेमतेम तीन किलोमीटरने घटतो. मोटारसायकल आणि स्वार मिळून दोनशे किलो धरले तरी सातच्या आसपास. डबीच्या लेखी काही घडलंच नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत पादचाऱ्यासाठी बॉनेट उचलणारी यंत्रणा सुटली तरी नोंद व्हावी, अशी सोय आहे, पण तशी बॉनेट असलेल्या गाड्या थोड्या. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये पाच सेकंदांचे वीस सेकंद केले, आणि नोंदीही सेकंदाला दहा. आपण नियम करू तेव्हा या वीस सेकंदांसोबत ८ किलोमीटरचा उंबरठाही खाली आणावा लागेल. पुढच्या कॅमेऱ्याने किंवा बंपरमधल्या सेन्सरने माणूस ओळखून ब्रेक लावणाऱ्या मोटारी आज पुण्या-मुंबईत सर्रास विकल्या जातात. त्यांना धडकेआधीच कळलेलं असतं की समोर कोणीतरी आहे. तीच खूण नोंद सुरू करायला वापरता येईल.