पट्टेरी तरस : जीवनक्रम, सवयी आणि गंधाचे कार्य

बीजशब्द : तरस, गंधखूण, मृतभक्षक प्राणी, माळरान, अधिवास

प्रस्तावना :

वाघ आणि बिबट्या या प्राण्यांविषयी लोकमानसात भीतीबरोबर आदरही आढळतो. तरसाच्या वाट्याला मात्र भीती आणि किळस एवढेच येते. उतरती पाठ, लंगडल्यासारखी चाल, मेलेल्या जनावरांवरील उपजीविका आणि अंगाचा उग्र दर्प यांमुळे हा प्राणी अशुभ व ओंगळ मानला गेला. ज्या दर्पामुळे माणूस तरसाला दूर लोटतो, तो दर्प तरसाच्या सामाजिक जीवनाचा आधार आहे, आणि ज्या आहारामुळे त्याला हीन लेखले जाते, तो आहार माळरानाच्या स्वच्छतेचे साधन आहे. या दोन बाबींच्या आधारे तरसाच्या जीवनक्रमाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्गीकरण व शरीररचना :

तरस दिसायला कुत्र्यासारखा असला तरी तो श्वानकुळातील नाही. मांसाहारी गणाच्या मार्जारसदृश उपगणात त्याचा समावेश होतो. त्यामुळे लांडगा किंवा कोल्हा यांच्यापेक्षा मुंगूस व उदमांजर हे त्याचे जवळचे आप्त ठरतात. तरसकुळात आज चारच जाती शिल्लक आहेत : ठिपकेदार तरस, तपकिरी तरस, वाळवीवर जगणारा आर्डवुल्फ आणि पट्टेरी तरस. यांपैकी केवळ पट्टेरी तरस भारतात आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘हायना हायना’ असे असून मराठीतील ‘तरस’ हा शब्द संस्कृत ‘तरक्षु’ या शब्दाशी निगडित आहे. उत्तर व पूर्व आफ्रिका, पश्चिम आशिया, मध्य आशिया आणि भारतीय उपखंड असा त्याचा विस्तृत प्रसार आहे.

पूर्ण वाढलेल्या तरसाचे वजन साधारणतः २५ ते ४५ किलो असते. पुढचे पाय मागच्या पायांपेक्षा लांब असल्याने पाठ मागे उतरती दिसते. राखाडी किंवा गवताच्या रंगाच्या अंगावर काळे उभे पट्टे असतात, गळ्यावर काळा डाग असतो आणि मानेपासून शेपटीपर्यंत लांब केसांची आयाळ असते. संकटाच्या वेळी तरस ही आयाळ ताठ उभी करतो व त्यामुळे आहे त्यापेक्षा पुष्कळ मोठा दिसतो. प्रत्येक तरसाची पट्ट्यांची रचना वेगळी असते. म्हणूनच स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रांवरून अभ्यासकांना एकेक तरस ओळखता येतो.

गंध : तरसाची भाषा

तरसाच्या शेपटीखाली, गुदद्वाराच्या वरच्या बाजूस एक ग्रंथिकोश असतो. त्यात उग्र वासाचा चिकट स्राव तयार होतो. फिरताना तरस गवताच्या काडीवर, झुडपावर किंवा दगडावर हा कोश घासतो आणि स्रावाचा लेप मागे ठेवतो. रात्रीच्या अंधारात एकट्याने भटकणाऱ्या प्राण्याला आपल्या वावराची वार्ता इतरांपर्यंत पोहोचविण्याचा हा खात्रीचा मार्ग होय. डोळ्यांना दिसणारी खूण अंधारात निरुपयोगी ठरते आणि आवाज क्षणात विरून जातो. लेपाचा गंध मात्र लेप लावणारा निघून गेल्यानंतरही टिकून राहतो. दोन तरस समोरासमोर आले असता ते परस्परांचे नाक व शरीर हुंगतात आणि हा कोश बाहेरच्या बाजूस उलटवून दाखवितात.

हा वास निर्माण होण्यात तरसाबरोबर सूक्ष्मजीवांचाही वाटा असावा. केनियातील ठिपकेदार व पट्टेरी तरसांवरील २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या कोशात किण्वन करणारे जीवाणू मोठ्या प्रमाणात आढळले. दोन्ही जातींमधील जीवाणूंचे समूह वेगळे होते आणि त्यांच्या स्रावांचे गंधही वेगळे होते.

याच कोशाने एका प्राचीन गैरसमजाला जन्म दिला. तरस एकाच वेळी नर व मादी असतो, अशी समजूत ग्रीकांमध्ये होती. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ती खोडून काढली. शेपटीखालील या अवयवाला लोक जननेंद्रिय समजतात, असे त्याने स्पष्ट केले. ‘तरस हसतो’ ही आजची समजूतही अशीच चुकीची आहे. हसण्यासारखा आवाज आफ्रिकेतील ठिपकेदार तरस काढतो. पट्टेरी तरस बहुधा मूकच असतो.

आहार व पर्यावरणातील कार्य :

मृत जनावरे हा तरसाचा मुख्य आहार असला तरी कीटक, लहान प्राणी, फळे आणि गावाबाहेरचा कचरा यांवरही तो उपजीविका करतो. क्वचित शेळी, मेंढी किंवा कुत्रा मारल्याच्या घटनाही घडतात. तरसाला ३४ दात असतात. त्याच्या भक्कम दाढा व जबड्याचे स्नायू मोठ्या जनावरांची हाडे सहज फोडतात, तर तीव्र जठररस ती हाडे पचवितो. त्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर चुन्यासारखी पांढरी दिसते. गिधाडे मृत जनावराचे मांस संपवितात आणि हाडे तशीच मागे राहतात. ती हाडे संपविण्याचे काम तरस करतो.

या कार्याचे महत्त्व अलीकडच्या काळात वाढले आहे. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यास कारणीभूत असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. गिधाडे विरळ झाल्यानंतर माळावरील सफाईचे काम करणाऱ्या उरल्यासुरल्या मोठ्या प्राण्यांत तरसाची गणना करावी लागते.

तरस हाडे आपल्या गुहेत साठवूनही ठेवतो. सौदी अरेबियातील उम्म जिरसान या लाव्हाजन्य गुहेत तरसांनी सुमारे सात हजार वर्षांच्या काळात जमविलेली असंख्य हाडे आढळली. त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांसाठी अशी गुहा म्हणजे त्या प्रदेशातील प्राणिजीवनाचा दप्तरखानाच होय.

प्रजनन व पिलांचे संगोपन :

खडकातील कपारी, नैसर्गिक गुहा किंवा मातीत खणलेली बिळे ही तरसाची वसतिस्थाने होत. सुमारे तीन महिन्यांच्या गर्भावधीनंतर मादी एक ते चार पिलांना जन्म देते. पिले जन्मतः आंधळी असून आठवडाभराने त्यांचे डोळे उघडतात. साधारण महिन्याभरात ती मांस खाऊ लागली तरी पुढे कित्येक महिने दूध पितात. या प्रदीर्घ काळात वसतिस्थान सुरक्षित राहणे अत्यावश्यक असते.

अधिवासाचा प्रश्न :

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील गवताळ माळराने व खुरटी झुडुपी राने हा तरसाचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा अधिवास आहे. या जमिनींपैकी फार थोड्यांना अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. महसुली भाषेत अशी जमीन ‘पडीक’ ठरते, आणि पडीक म्हटली की तिच्यावर दगडखाण, कारखाना, रस्ता किंवा वृक्षलागवड करण्यास कोणाची हरकत राहत नाही. खाणीच्या सुरुंगाने कपारी नष्ट होतात. माळ कापून जाणाऱ्या महामार्गांवर रात्री भटकणारे तरस वाहनांखाली सापडतात. लांडग्यासाठी किंवा बिबट्यासाठी मेलेल्या जनावरावर टाकलेले विष मृतभक्षक तरसाचाही बळी घेते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण तरसाला आहे. तथापि, प्राण्याला संरक्षण आणि त्याच्या घराला ‘पडीक’ हे नाव, ही विसंगती कायम आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने पट्टेरी तरसाचा समावेश ‘संकटसमीप’ या वर्गात केला असून जगातील प्रौढ तरसांची संख्या दहा हजारांहून कमी असावी, असा त्या संस्थेचा अंदाज आहे.

समारोप :

तरसाचा दर्प हा त्याच्या संवादाचे साधन आहे आणि त्याचा किळसवाणा वाटणारा आहार हे सृष्टीतील एक आवश्यक कार्य आहे. मानवी नाकाने केलेला निवाडा हा निसर्गाचा निवाडा नव्हे, एवढे भान आले तरी या प्राण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते. या कामी माळरानांलगतच्या महाविद्यालयांना मोठा वाव आहे. प्राणिशास्त्र व भूगोल या विभागांना वन विभागाच्या सहकार्याने रस्त्यांवरील तरसांच्या मृत्यूंच्या नोंदी ठेवता येतील. पाऊलखुणा आणि पांढऱ्या विष्ठेवरून त्यांच्या वावराचे नकाशे तयार करता येतील, तर भाषा विभागांना तरसाविषयीच्या लोकसमजुतींचे संकलन करता येईल. एखाद्या माळावर खाण किंवा रस्ता प्रस्तावित झाल्यास ती जमीन रिकामी नाही, हे दाखविण्यासाठी अशा नोंदी उपयोगी पडतील.