‘लागत नाही’ आणि दीड मिलिमीटर

पोंभुर्णा येथे झाडीबोलीतील व्यवसायशब्दांची नोंद करीत असता मोटारसायकल दुरुस्तीच्या एका दुकानात फुटलेला पिस्टन पाहावयास मिळाला. त्याच्या खालच्या घेराची कड एके ठिकाणी घासून चकचकीत झाली होती व तेथूनच तडा वर चढला होता. कारागिराने कारण एवढेच सांगितले : हाताने फिरवला तेव्हा लागत नव्हता. हे वाक्य भाषाभ्यासकाने, आणि यंत्र बांधणाऱ्यानेही, थोडे थांबून पाहण्याजोगे आहे.

एंजिनाची शक्ती वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे पिस्टनची धाव, अर्थात स्ट्रोक, वाढविणे. त्याकरिता अधिक फेकीचा क्रँकशाफ्ट बसवितात. मग पिस्टन सर्वांत खाली येतो तेव्हा त्याची कड आणि क्रँकच्या चकत्या यांमधील जागा घटते. किती घटते, याचा हिशेब मात्र पुष्कळदा चुकतो. बजाज पल्सरच्या १८० या जुन्या एंजिनाचा स्ट्रोक ५६.४ मिलिमीटर, तर २२० चा ६२.४ मिलिमीटर, फरक ६ मिलिमीटर. (एकाचे भाग दुसऱ्यात बसतात असे येथे सुचवावयाचे नाही, आकडे उदाहरणापुरते.) क्रँकची फेक स्ट्रोकच्या निम्मी, म्हणून पिस्टन ३ मिलिमीटरच खाली उतरेल असे वाटते. परंतु तो तितकाच वरही चढेल आणि हेडवर आदळेल. ते टाळण्यासाठी कनेक्टिंग रॉड ३ मिलिमीटर आखूड करतात, अथवा पिस्टनमधील पिनचे छिद्र तितके वर घेतात. कोणताही उपाय केला तरी पिस्टनची कड आणखी ३ मिलिमीटर क्रँककडे सरकते. पिस्टनची उंची तीच राहिली तर जागा पुऱ्या ६ मिलिमीटरनी कमी झाली! सिलिंडराखाली ३ मिलिमीटरची पट्टी घालून तो उचलला तरच घट निम्म्यावर थांबते.

या उरलेल्या जागेला कारखान्यात ‘क्लिअरन्स’ म्हणतात. मराठीत ‘अंतर’, ‘फट’, ‘मोकळीक’ असे पर्याय सुचतात. पण ही नामे स्थिर वस्तूंमधील अवकाश दाखवितात. येथे अभिप्रेत आहे ती संपूर्ण फेऱ्यात केव्हातरी, कोठेतरी येणारी सर्वांत कमी जागा. कारागिराचे ‘लागणे’ हे क्रियापद या बाबतीत अधिक नेमके आहे, कारण ते गतीतील घटना सांगते. शिवाय स्पर्श आणि इजा हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. त्याची उणीव एकच. ‘लागते’ किंवा ‘लागत नाही’ यांपलीकडे त्याला परिमाण नाही. तो पिस्टन त्या उणिवेतच फुटला.

हाताने फिरविताना न लागणारा पिस्टन वेगात का लागतो? तळाशी तो थांबून उलट वळतो तेव्हा त्याची जडता रॉडला खाली दाबते, बेअरिंगमधील तेलाची फट त्या दिशेने मिटते आणि सिलिंडरात पिस्टन किंचित डोलतो. जडतेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मिनिटाला ६,००० ऐवजी ९,००० फेरे झाले की तो सव्वादोनपट होतो. म्हणूनच जाणकार बांधणारे सुमारे १.५ मिलिमीटर जागा राखतात.

मोजणी साध्या साधनांनी होते. पिस्टनच्या कडेला तेलाचा हात लावून चकत्यांवर मुलांच्या खेळातील प्लॅस्टिसिनच्या पट्ट्या चिकटवाव्यात, सिलिंडर व पिस्टन बसवून क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवावा. अडल्यास जोर करू नये. मग उघडून दबलेली पट्टी पात्याने कापावी आणि तिची सर्वांत पातळ जागा व्हर्नियरने मोजावी. चकती पूर्ण गोल असेल तर ही जागा पिस्टन अगदी तळाशी असताना सापडते. मोटारींच्या क्रँकवर पंख्याच्या आकाराचे प्रतिभार असतात. त्यांचा कोपरा तळाच्या थोडा आधी किंवा नंतरही जवळ येऊ शकतो, म्हणून केवळ तळाशी थांबून फिलर गेज घालणे पुरेसे नाही.

जागा अपुरी भरली तर पिस्टनची कड तासावी की चकती? कड फार तासल्यास पिस्टनचे डोलणे वाढते. चकती तासल्यास क्रँकचा तोल पुन्हा साधावा लागतो. मला पहिला मार्ग, थोडक्यात भागत असेल तर, बरा वाटतो. मात्र तासल्यावर नव्या प्लॅस्टिसिनने मोजणी पुन्हा करावी लागते.