मेंदीच्या कुंपणाची छाटणी

परसबागेभोवती किंवा भाजीच्या वाफ्यांभोवती मेंदीचे कुंपण लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मेंदी काटक असून हलक्या जमिनीतही तग धरते. परंतु पुष्कळ ठिकाणी असे आढळते की, कुंपण पुरुषभर वाढलेले, वरून हिरवेगार. बुडाशी मात्र नुसते उघडे खुंट. या फटींतून शेळ्या-करडे आत शिरतात व एका दुपारीत वाफ्यातील सारी रोपे फस्त करतात. कुंपणाचे बळ त्याच्या बुडाच्या दाटपणात असते, आणि तो दाटपणा वेळेवर केलेल्या छाटणीनेच येतो.

झुडपाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे वाढद्रव्य तयार होते. ते खाली उतरून पानांच्या बगलेतील डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा छाटला म्हणजे हा प्रतिबंध दूर होतो व खालून फुटवे येतात.

पहिली छाटणी

पावसाळ्याच्या आरंभी दोन ओळींत रोपे लावावीत. एका ओळीतील रोप दुसऱ्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध यावे. रोपे ३० सें. मी. उंच झाली की जमिनीपासून १५ सें. मी. वर छाटावीत. वाढते रोप कापण्यास मन धजत नाही. परंतु येथे कुचराई केल्यास बूड कायमचे विरळ राहते. यापुढे दर वेळी नव्या वाढीपैकी निम्मी ठेवून निम्मी कापावी. इच्छित उंची सावकाशच गाठावी.

कुंपणाचा आकार

कुंपण बुडाशी रुंद व माथ्याशी अरुंद ठेवावे. बुडाशी ६० सें. मी. रुंदी असल्यास माथ्याशी ४५ सें. मी. पुरे. माथा रुंद झाला तर खालच्या फांद्यांवर सावली पडून त्या वाळतात. छाटताना दोन खुंट्यांना दोरी ताणून बांधावी, म्हणजे रेघ सरळ येते. कात्री धारदार असावी. बोथट हत्याराने फांद्या चिरतात.

छाटणीचा हंगाम

पावसाळ्यात वाढ जोमाची असल्याने दर तीन-चार आठवड्यांनी हलकी छाटणी करावी. पाणी देण्याची सोय नसल्यास उन्हाळ्यात भारी छाटणी टाळावी. छाटणीपूर्वी कुंपणात पक्ष्यांची घरटी नाहीत ना, हे पाहावे. बुलबुल अशा झुडपांत घरटे करतो व पिल्लांना किडी भरवतो.

जुने कुंपण

बुडाशी उघडे पडलेले कुंपण उपटून टाकण्याची घाई करू नये. राजस्थानातील सोजत भागात पानांसाठी मेंदीचे पीक घेतात. तेथे झुडपे जमिनीलगत कापली जातात, तरी ती पुन्हा फुटतात. हाच गुण येथे उपयोगी पडतो. पहिला चांगला पाऊस होताच जुने खुंट ३० सें. मी. वर कापावेत, बुडाशी शेणखत घालावे आणि नवे फुटवे वर सांगितल्याप्रमाणे छाटत जावे. ते दाट होईपर्यंत त्या बाजूस काटेरी फांद्यांचा आडोसा करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या बागेतील कुंपणाचा एक भाग निवडून येत्या पावसाळ्यात ही छाटणी प्रत्यक्ष करून दाखवावी. छाटलेला व न छाटलेला भाग शेजारी शेजारी पाहिल्यावर शेतकरी बंधूंची खात्री पटण्यास विलंब लागणार नाही.